डिझेल गाडीचं ॲव्हरेज नेमकं कसं मोजायचं: टाकी फुल करण्यापासून हिशोबापर्यंत

पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझ्या गाडीचं ॲव्हरेज लिटरला २२.४ किलोमीटर आलं. पुढच्याच वेळी, त्याच रस्त्यावर आणि तेवढंच अंतर चालवून, ते १८.१ वर आलं. मी घाबरलो. एअर फिल्टर बदलला, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासून घेतले, सगळ्या चाकांचे ब्रेक बघून घेतले. काहीच सापडलं नाही. मग दोन्ही पावत्या समोर ठेवून बसलो, तेव्हा खरा प्रकार कळला. दोन्ही वेळी २६० किलोमीटर झाले होते. पहिल्या वेळी टाकीत ११.६ लिटर बसलं, दुसऱ्या वेळी १४.४. दोन्ही मिळून ५२० किलोमीटरला २६ लिटर, म्हणजे बरोब्बर २०. गाडी दोन्ही वेळी सारखीच चालली होती. पहिल्या वेळी पंपाचं नोझल सुमारे दीड लिटर आधीच कट झालं होतं, म्हणजे आपोआप बंद पडलं होतं, आणि तेवढं डिझेल पुढच्या पावतीत चढलं होतं.

डिझेल गाडी नवीन घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या एक-दोन महिन्यांत हा गोंधळ भेटतो. मूळ रीत एवढीच: टाकी फुल करा, चालवा, पुन्हा फुल करा, आणि झालेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागा. ते मी आता ज्या क्रमाने करतो, तो क्रम इथे सविस्तर देतो आहे.

काय काय लागेल

- एक छोटी वही किंवा फोनमधली नोंद. गाडीतच राहील अशी असावी.
- प्रत्येक वेळची पावती, लिटरचा आकडा दशांशासह छापलेली.
- टायरची हवा मोजायचा स्वतःचा गेज. पंपावरच्या यंत्रावर दर वेळी भरवसा ठेवता येत नाही.
- जीपीएसवर अंतर मोजणारं कुठलंही ॲप. हे एकदाच लागणार आहे.
- गाडीचं मॅन्युअल. टाकी किती लिटरची, टायरला हवा किती आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे की नाही, या तीन गोष्टी त्यात बघून ठेवा.

१. गाडीचे किलोमीटर खरे आहेत का ते बघा

ॲव्हरेज म्हणजे किलोमीटर भागिले लिटर. बहुतेक लोक लिटरच्या मागे लागतात आणि किलोमीटर मात्र डोळे मिटून खरे धरतात. ओडोमीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाकाचा घेर ठरलेला आहे असं गृहीत धरून तो फेऱ्यांचे किलोमीटर करतो.

टायर झिजला की घेर कमी होतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरला टायर बदलायची वेळ येते. २०५/५५ आर १६ या मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे ३१६ मिलिमीटर आहे, म्हणजे पूर्ण झिजलेल्या टायरवर फरक जास्तीत जास्त दोन टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढ्याच रस्त्याला गाडी जास्त किलोमीटर दाखवते आणि ॲव्हरेज फुगतं. टायर बदलल्यावर 'ॲव्हरेज पडलं' अशी तक्रार ऐकू येते, तिचा एक भाग इथून येतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील तर फरक याहून मोठा असू शकतो.

तपासायची रीत सोपी आहे. सरळ, मोकळ्या हमरस्त्यावर जीपीएस आणि ट्रिप मीटर एकाच जागी शून्य करा आणि किमान ५० किलोमीटर जा. बोगदे आणि घाटातली वळणं असलेला रस्ता टाळा, तिथे जीपीएस वळण कापून अंतर कमी मोजतो. गाडीने १०० दाखवले आणि जीपीएसने ९८, तर तुमचा गुणक ०.९८. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. टायर बदलले की पुन्हा काढा.

स्पीडोमीटर वेग जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही तेवढाच चुकत असेल, असं धरू नका. वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवायचा नाही असं नियमच सांगतात, म्हणून तो मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो. ओडोमीटर बहुतेक वेळा त्याहून बराच नेमका असतो.

२. पंप, नोझल आणि उभं राहायची जागा ठरवा

एकच पंप, त्यातलं एकच यंत्र, आणि शक्यतो दिवसाची एकच वेळ. इंधन मोजणाऱ्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय निकषात अर्ध्या टक्क्यापर्यंतची चूक चालते. यंत्र तेच राहिलं तर चूकही तीच राहते, आणि आजच्या आकड्याची पुढच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करताना ती आड येत नाही.

ट्रकसाठीचं जाड, वेगवान नोझल घेऊ नका. ते भसाभसा ओततं आणि फेस फार होतो.

जमीन सपाट हवी. गाडी जरा जरी तिरकी उभी असेल तर टाकीच्या एका कोपऱ्यात हवा अडकते. मी सुरुवातीच्या आणि शेवटच्या फुलला गाडी त्याच दिशेला तोंड करून त्याच जागी लावतो.

३. पहिली टाकी फुल करा, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. डिझेल वाहत असताना त्यातून हवा आत ओढली जाते. छिद्र झाकलं गेलं की हवा थांबते, दाब बदलतो आणि झडप खट्‌कन बंद होते. आता हे छिद्र डिझेलने झाकलं की नुसत्या फेसाने, हे नोझलला कळत नाही. पेट्रोलचा फेस लगेच विरतो. डिझेलचा रेंगाळतो. त्यामुळे डिझेलच्या गाडीत पहिला कट म्हणजे टाकी भरली असं नव्हे. फेस खाली बसल्यावर एक ते दोन लिटरची जागा सहज निघते.

मी असं करतो:

- पंपावरच्या माणसाला आधीच सांगतो, 'फुल करायचीय, सावकाश सोडा, रकमेचा आकडा गोल करू नका.'
- मध्यम वेगाने पहिल्या कटपर्यंत भरू देतो.
- दोन ते तीन मिनिटं थांबतो. मागे रांग असेल तर हे जमत नाही, म्हणून गर्दी नसलेली वेळ निवडतो.
- मग अगदी हळू, दुसऱ्या कटपर्यंत. तिथे संपवतो. तिसऱ्यांदा दाबू देत नाही.

काही जण तोंडाशी डिझेल दिसेपर्यंत ओततात. तसं करू नका. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला हजारी ०.८ च्या आसपास. ५० लिटरची टाकी २० अंशांनी तापली तर ०.८ लिटर जास्त जागा मागते, आणि ती जागा नसेल तर डिझेल बाहेर येतं. सांडलेलं डिझेल लवकर उडून जात नाही, रस्ता निसरडा करतं आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला पाडतं. शिवाय आपल्याला टाकी किती भरली याच्याशी देणंघेणं नाही, दोन्ही वेळी सारखी भरली की झालं. 'दुसरा कट' ही खूण त्यासाठी पुरेशी आहे.

भरून झालं की लगेच ट्रिप मीटर शून्य करा आणि ओडोमीटरचा पूर्ण आकडाही लिहा. ट्रिप मीटर चुकून शून्य होतो, लिहिलेला ओडोमीटर कुठे जात नाही.

एक रीत मात्र अजिबात वापरू नका: टाकी कोरडी करायची, मोजून पाच लिटर टाकायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. डिझेलच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. टाकी कोरडी पडली की पंप कोरडा फिरतो आणि लाइनमध्ये हवा शिरते. हवा काढून गाडी पुन्हा सुरू करणं हा त्रास वेगळाच, आणि पंप खराब झाला तर त्याचे कण इंजेक्टरपर्यंत जातात.

४. चालवा, आणि मधल्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवा

नेहमी चालवता तसंच चालवा. मोजतोय म्हणून अंडी ठेवल्यासारखी गाडी चालवली, तर येणारा आकडा त्या आठवड्यापुरता खरा असतो.

मध्ये डिझेल भरावं लागलं तर खुशाल भरा. अर्धवट भरलं तरी चालतं, फक्त लिटर लिहा. सुरुवात आणि शेवट या दोन टोकांना टाकी फुल हवी, मधलं सगळं बेरजेत येतं. नवख्यांची नेहमीची चूक अशी: ठरावीक रकमेचं डिझेल टाकतात, काट्याकडे बघतात आणि भागाकार करतात. इंधनाचा काटा तरंगत्या गोळ्यावर चालतो, टाकीचा आकार वेडावाकडा असतो, आणि वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याएवढा असेलच असं नाही. काट्यावरून ॲव्हरेज काढू नका.

नोंदीत तारीख, ओडोमीटर, लिटर, फुल की अर्धवट, एवढं तर हवंच. मी त्याखाली एक ओळ जास्त लिहितो: किती माणसं, एसी चालू की बंद, शहर की हमरस्ता, पाऊस होता का. तीन महिन्यांनी आकडा का हलला ते याच ओळीतून कळतं. टायरची हवा दर दोन आठवड्यांनी, गाडी उभी राहून गार झाल्यावर तपासा.

धूर स्वच्छ करण्यासाठीच्या युरिया द्रवाची वेगळी टाकी असलेल्या गाड्यांसाठी: तो द्रव हिशोबात धरायचा नाही. आणि तो डिझेलच्या टाकीत चुकूनही जाऊ देऊ नका. गेलाच तर गाडी सुरू न करता ओढून न्या.

५. पुरेसं अंतर होऊ द्या

समजा तुम्ही काळजी घेऊनही दोन्ही टोकांना मिळून एक लिटरची चूक राहिली. फक्त १० लिटर जळाल्यावर मोजलं तर ती चूक दहा टक्के झाली, म्हणजे २० चे २२ किंवा १८ दिसणार. ४० लिटरनंतर तीच चूक अडीच टक्के. सलग तीन टाक्या, १२० लिटर जळाल्यावर, एका टक्क्याच्याही आत. चूक टोकांवरच असते. अंतर वाढेल तशी ती पातळ होते. महागडं यंत्र, ॲडिटिव्ह किंवा कसलीही युक्ती या साध्या गोष्टीची बरोबरी करत नाही.

म्हणून पहिला विश्वासार्ह आकडा हवा असेल तर किमान हजार किलोमीटर होऊ द्या. त्याआधी हिशोब करून बघायचा मोह होतो, करा, पण त्यावरून गाडी गॅरेजमध्ये नेऊ नका.

६. शेवटची फुल आणि भागाकार

तोच पंप, तेच नोझल, तीच दिशा, पहिला कट, तीन मिनिटं, दुसरा कट. मधल्या सगळ्या लिटरची बेरीज करा. सुरुवातीच्या फुलचे लिटर त्यात धरायचे नाहीत, ते मोजणी सुरू होण्याआधीचे आहेत. ही चूक इतकी होते की मी वहीत पहिल्या फुलखाली जाड रेघ मारतो.

ओडोमीटरचा फरक गुणिले तुमचा गुणक, भागिले लिटर. झालं.

अनेक टाक्यांचा एकत्र आकडा काढताना मात्र ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढू नका. एका टाकीत ४०० किलोमीटरला २० लिटर लागले, म्हणजे २०. दुसरीत ४०० ला ३२ लागले, म्हणजे १२.५. या दोन आकड्यांची सरासरी १६.२५ येते, पण खरं उत्तर ८०० भागिले ५२, म्हणजे १५.४. दर वेळी एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्या.

मी स्वतः आता १०० किलोमीटरला किती लिटर, हेही लिहितो. खर्चाचं गणित त्यात जास्त नीट दिसतं. १० चं १२ झालं तर १०० किलोमीटरला १.६७ लिटर वाचतात. २० चं २२ झालं तर फक्त ०.४५. दोन्हीकडे 'दोनने वाढलं' असंच वाटतं.

७. डीपीएफ असेल तर हे वाचल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका

अलीकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल जाळते, फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. हे रीजनरेशन दर काहीशे किलोमीटरला होतं आणि दहा-वीस मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात क्षणाक्षणाचं ॲव्हरेज चांगलंच खाली येतं.

मोजणीत याचा अर्थ असा की १५० किलोमीटरच्या दोन फेऱ्यांपैकी एकीत रीजनरेशन आलं आणि दुसरीत नाही, तर त्या दोन फेऱ्यांची तुलनाच होऊ शकत नाही. हजार किलोमीटरचा आग्रह मी यासाठीही धरतो: त्यात दोन-तीन रीजनरेशन येऊन जातात आणि त्यांचा भार सगळ्या अंतरावर सारखा पसरतो.

रीजनरेशन चालू आहे हे ओळखायचं कसं? उभ्या गाडीत इंजिनचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असतात. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही. गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम, जळकट वास येतो. यातलं काही दिसलं तर वहीत 'री' लिहा. आणि शक्य असेल तर गाडी लगेच बंद न करता अजून थोडी चालवा. काम अर्धवट राहिलं की गाडी थोड्याच अंतराने पुन्हा प्रयत्न करते आणि पुन्हा डिझेल जाळते.

रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालत असेल तर हे अर्धवट प्रयत्न साठत जातात. मग ॲव्हरेज तर पडतंच, पण जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. अशा वेळी ऑइलची पातळी वाढलेली दिसते. वाढलेली पातळी ही चांगली खूण नाही, ऑइल लवकर बदला.

८. डॅशवरचा आकडा आणि फोनमधलं ॲप

डॅशवरचं ॲव्हरेज कोणी टाकीत माप बुडवून काढत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा होता आणि दाब किती होता यावरून गाडीचा संगणक अंदाज बांधतो. हा अंदाज बऱ्याच गाड्यांत काही टक्के गोड असतो. तरी तो टाकाऊ नाही. दोन-तीन टाक्यांचा तुमचा हिशोब आणि डॅशचा आकडा शेजारी लिहा. डॅश २१.४ म्हणतो आणि खरं २० येतं, तर गुणक ०.९३५. पुढे एखाद्या छोट्या प्रवासाचा अंदाज हवा असेल तर डॅशला या गुणकाने गुणा.

ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या, खाचेत बसणारं ब्लूटूथ यंत्र आणि ॲप घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. यातली बरीच ॲप इंजिनात शिरणारी हवा मोजतात आणि तिला १४.७ ने भागून इंधन काढतात. पेट्रोलला हे जमतं, कारण तिथे हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. डिझेलमध्ये असं काही ठरलेलं नसतं. पूर्ण जोर लावल्यावर एक भाग डिझेलला १८-२० भाग हवा, तर नुसतं उभं असताना ६० च्याही वर. त्या सूत्राने काढलेलं डिझेलचं ॲव्हरेज सपशेल चुकतं. ॲपमध्ये 'इंजिन फ्युएल रेट' नावाचं वाचन, कोड ५ई, तुमच्या गाडीकडून मिळतंय का बघा. मिळत असेल तर तो गाडीचा स्वतःचा अंदाज आहे, म्हणजे डॅशच्या दर्जाचा. मिळत नसेल तर ॲपचा आकडा सोडून द्या.

कोणी इंधनाच्या लाइनमध्ये मीटर बसवा म्हणालं तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: कॉमन रेल डिझेलमध्ये (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) इंजिनाकडे गेलेलं सगळं डिझेल जळत नाही, बरंच टाकीत परत येतं. जाणारं आणि येणारं असे दोन मीटर लागतात. रोजच्या गाडीला हा खटाटोप करू नका.

९. कंपनीच्या आकड्याशी तुलना करताना

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या क्रमात काढतात. २०१७ पासून युरोपात लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत ३० मिनिटांत २३.२५ किलोमीटर होतात, म्हणजे सरासरी वेग ताशी ४६.५. तिथे टाकी फुल करत नाहीत, धुरातला कार्बन मोजून जळलेलं इंधन काढतात. तुमचा रस्ता, ओझं आणि एसी त्या चाचणीत नाहीत. तुमचा आकडा कमी आला म्हणून गाडीत दोष आहे असं होत नाही.

१०. ॲव्हरेज खरंच पडलं असेल तर

सलग तीन टाक्यांचा एकत्रित आकडा तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी खाली असेल आणि रस्ता, ऋतू, ओझं यातलं काही बदललेलं नसेल, तरच शोध सुरू करा. आधी फुकटातल्या गोष्टी: टायरची हवा, आणि थोडं चालवून थांबल्यावर चारही रिम जवळून हाताने अंदाजा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तो ब्रेक धरतो आहे. मग इंजिनचं तापमान बघा. हमरस्त्यावर वीस मिनिटं चालूनही काटा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारी झडप, उघडा अडकलेला असू शकतो. त्यात इंजिन गार राहतं, डिझेल जास्त जातं आणि काही गाड्यांत रीजनरेशनही नीट होत नाही. त्यानंतर एअर फिल्टर, आणि शेवटी इंजेक्टरची रिटर्न तपासणी, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत पाठवतो ते बघणं.

गॅरेजला जाताना वही बरोबर न्या. 'ॲव्हरेज कमी झालंय' असं सांगितलं तर मेकॅनिक अंदाजाने सुटे भाग बदलायला लागतो. 'आधी ३,००० किलोमीटरला १५० लिटर लागत होते, आता त्याच रस्त्यावर १७० लागतात, रीजनरेशन ४०० ऐवजी १५० किलोमीटरला येतंय' असं सांगितलं तर तो थेट डीपीएफ, सेन्सर आणि थर्मोस्टॅटकडे वळतो.